पहिला मोबाइल गेम: रिकाम्या प्रोजेक्टपासून प्ले स्टोअरपर्यंत

गेम फोनवर हलायला लागला की काम संपत आलं असं वाटतं. पण वेगवेगळ्या फोनांवरची चाचणी, बिल्ड (गेमची तयार फाइल) डिजिटल सहीने साइन करणं, स्टोअरचे फॉर्म आणि सक्तीचा चाचणीकाळ हे सगळं त्यानंतरच सुरू होतं. त्यातल्या काही गोष्टींना कितीही घाई केली तरी ठरावीक दिवस लागतातच. म्हणून ज्याची वाट पाहावी लागते ते आधी सुरू करावं आणि वाट पाहताना गेम बनवावा. उदाहरणासाठी एक साधा टू-डी गेम घेऊ: चेंडू आपोआप वर जात राहतो, बोट टेकवलं की समोरच्या भिंतीवर उडी मारतो, आणि भिंतींवरचे काटे चुकवायचे असतात. पहिल्या गेमसाठी एवढं पुरेसं आहे. ऑनलाइन मल्टिप्लेअर, सर्व्हर, चॅट असलं काही पहिल्याच प्रयत्नात घेऊ नका.

## खातं आणि परीक्षक

गूगल प्लेच्या डेव्हलपर खात्याला २५ डॉलर एकदाच भरावे लागतात आणि ओळखपत्राची पडताळणी होते. कागदावरचं नाव आणि पेमेंट प्रोफाइलवरचं नाव जुळलं नाही तर पडताळणी अडते, त्यामुळे दोन्हीकडे नाव एकाच पद्धतीने लिहा.

यापेक्षा मोठी अट पुढे आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक परीक्षकांपुरती चाचणी, घ्यावी लागते. किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस त्या टेस्टमध्ये सामील असले पाहिजेत. इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं, कारण परीक्षकाचा ईमेल यादीत घातला म्हणजे तो सामील झाला असं होत नाही. त्याने लिंक उघडून टेस्टमध्ये सामील होण्याचं बटण दाबलं पाहिजे, तेही ज्या ईमेलने तो फोनवर प्ले स्टोअर वापरतो त्याच ईमेलने. मध्येच कोणी बाहेर पडलं आणि आकडा १२ च्या खाली गेला तर सलगपणा तुटतो. म्हणून १६ ते १८ जण धरा. १४ दिवस झाल्यावर गूगल विचारतं की परीक्षकांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सूचना तारखेसह लिहून ठेवली असेल तर हे उत्तर दहा मिनिटांत लिहून होतं. संस्थेच्या नावाने उघडलेल्या खात्याला ही टेस्टची अट नाही, पण त्याला डी-यू-एन-एस क्रमांक (संस्थांना मिळणारा ओळख क्रमांक) लागतो.

## इंजिन आणि प्रोजेक्टची मांडणी

इंजिन म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर. टू-डीसाठी गोडो हलकं आणि मोफत आहे. ते एमआयटी परवान्याखाली असल्यामुळे कमाई कितीही झाली तरी इंजिनला काही द्यावं लागत नाही. जाहिराती, खरेदी, ॲनालिटिक्स यांचे तयार प्लगइन भरपूर हवे असतील तर युनिटी सोयीचं पडतं. दोन्हीपैकी एक निवडा आणि गेम संपेपर्यंत बदलू नका.

गोडोमध्ये प्रोजेक्ट उघडतानाच रेंडरर (चित्र काढणारा भाग) 'कम्पॅटिबिलिटी' ठेवा, म्हणजे जुन्या फोनांवरही गेम चालेल. मूळ आकार ७२० बाय १२८० आणि ओरिएंटेशन पोर्ट्रेट ठेवा. स्ट्रेच मोड 'कॅनव्हास आयटम्स' आणि ॲस्पेक्ट 'एक्स्पांड' निवडा. आजचे फोन उंच असतात, कित्येक ९:२० प्रमाणातले. 'एक्स्पांड'मुळे त्यांच्यावर काळ्या पट्ट्या येत नाहीत, पण वर-खाली जास्तीची जागा दिसते, तेव्हा पार्श्वभूमीचं चित्र तेवढं उंच काढा. स्कोअर आणि पॉजचं बटण कॅमेऱ्याच्या खाचेखाली जाऊ नये म्हणून ती सेफ एरियाच्या आत बसवा. बटणांचा स्पर्शाचा भाग किमान ४८ डीपी (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारं माप) ठेवा. दिसायला बटण लहान चालेल, दाबायला लहान चालत नाही.

पॅकेज नेमही (ॲपची तांत्रिक ओळख) याच टप्प्यावर पक्कं करा. गेम एकदा प्ले स्टोअरवर गेला की ते बदलता येत नाही. गेमचं नाव नंतर बदलू शकतं, म्हणून पॅकेज नेममध्ये वर्ष किंवा 'टेस्ट' असला शब्द ठेवू नका.

## चेंडूचा वेग, आणि तो सगळ्या फोनांवर सारखा का नसतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण ही चूक स्वतःच्या फोनवर कधीच दिसत नाही.

समजा चेंडू प्रत्येक फ्रेमला ५ पिक्सेल वर सरकतो असं लिहिलं. स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणारी, असेल तर वेग होतो सेकंदाला ३०० पिक्सेल. तोच गेम १२० हर्ट्झच्या फोनवर १२० फ्रेम काढत असेल तर सेकंदाला ६०० पिक्सेल, म्हणजे गेम दुप्पट अवघड. आणि स्वस्त फोन दमून ३० फ्रेमवर आला की १५०. एकाच लेव्हलबद्दल एक परीक्षक 'अशक्य' म्हणतो आणि दुसरा 'कंटाळवाणी' म्हणतो, तेव्हा आधी हेच तपासा. उपाय असा की वेग सेकंदाच्या हिशेबात लिहायचा आणि त्याला मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचं: ३०० गुणिले डेल्टा. टायमर, ॲनिमेशन, काटे येण्यातलं अंतर या सगळ्यांना हाच नियम लावा. एखादी गोष्ट राहिलीच तर ती १२० हर्ट्झवर उठून दिसेल, म्हणून परीक्षकांत तसा एक तरी फोन हवा.

दुसरा प्रश्न टकरीचा. चेंडू सेकंदाला १२०० पिक्सेलने जात असेल आणि फिजिक्सचा ठोका, म्हणजे इंजिन हालचाल आणि टकरी किती वेळा तपासतं ते, सेकंदाला ६० असेल, तर एका ठोक्यात तो २० पिक्सेल पुढे जातो. १० पिक्सेल जाडीचा काटा दोन ठोक्यांच्या मधे सुटू शकतो आणि चेंडू आरपार जातो. गोडोत फिजिक्सचा ठोका मुळातच ६० असतो, युनिटीत ०.०२ सेकंद म्हणजे ५०. हालचाल फिजिक्सच्या फंक्शनमध्ये ठेवा, काट्याचा टकरीचा आकार जाड करा किंवा चेंडूच्या मार्गावर रेकास्ट (पुढे काय आहे ते तपासणारी अदृश्य रेघ) टाका. या गेमला आकार जाड करणं पुरतं. मात्र टोकाकडे तो दिसणाऱ्या काट्यापेक्षा थोडा आखूडच ठेवा. न लागता मेलो असं वाटलं की खेळणारा गेम काढून टाकतो. थोडक्यात वाचलो असं वाटलं तर तो पुन्हा खेळतो.

## अडखळणं, मेमरी आणि बॅटरी

६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यात कोड, फिजिक्स आणि चित्र काढणं सगळं बसलं पाहिजे. या गेममध्ये अडखळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दर काट्याला नवीन ऑब्जेक्ट तयार करणं आणि स्क्रीनबाहेर गेला की नष्ट करणं. त्याऐवजी सुरुवातीलाच ३० काटे तयार ठेवा आणि खालून बाहेर गेलेला काटा उचलून पुन्हा वर लावा.

चित्रांची फाइल लहान असली तरी मेमरीत ती उलगडते. २०४८ बाय २०४८ चं एक रंगीत चित्र फाइलमध्ये कितीही छोटं असो, कॉम्प्रेस न करता मेमरीत १६ एमबी घेतं. अशी दहा चित्रं म्हणजे १६० एमबी, आणि कमी रॅमचा फोन गेम सरळ बंद करतो. मोठी चित्रं जेवढी लागतात तेवढ्याच आकाराची ठेवा. संगीत ओजीजीमध्ये आणि टकरीसारखे छोटे आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, नाहीतर आवाज क्षणभर उशिरा आल्यासारखा वाटतो.

गेम मागे गेला, फोन आला, स्क्रीन बंद झाली, अशा वेळी लगेच पॉज करा आणि स्कोअर सेव्ह करा. मागे गेलेलं ॲप ॲण्ड्रॉइड न सांगता बंद करू शकतो. बाहेर पडताना सेव्ह करू असं ठरवलं तर तो क्षण येतच नाही.

## जाहिराती लावायच्या असतील तर

डेव्हलपमेंटमध्ये फक्त टेस्ट जाहिरातींचे आयडी वापरा. स्वतःच्या खऱ्या जाहिरातींवर बोट लागलं, परीक्षकांनी मदत म्हणून क्लिक केलं, तरी ते अवैध ट्रॅफिक ठरतं आणि जाहिरात खातं बंद होऊ शकतं. पूर्ण स्क्रीनची जाहिरात गेम चालू असताना अचानक आणू नका, गूगल प्लेच्या धोरणात त्याला मनाई आहे. डाव संपल्यावर, तीन-चार डावांतून एकदा, एवढं ठीक. पुन्हा जिवंत होण्यासाठी खेळणारा स्वतः निवडतो ती रिवॉर्ड जाहिरात कोणाला खुपत नाही, आणि या प्रकारच्या गेमला तीच शोभते.

बाहेरून घेतलेल्या चित्रांचे व आवाजांचे परवाने आत्ताच तपासा. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्यांपैकी सीसी-झिरो निर्धास्त वापरा. सीसी-बाय असेल तर गेममध्ये श्रेय द्या. परवान्यात एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर जाहिराती असलेल्या गेममध्ये तो वापरू नका.

## बिल्ड

नवीन गेम प्ले स्टोअरवर एएबी (प्ले स्टोअरसाठीचं पॅकेज) स्वरूपातच चढवावा लागतो, एपीके (फोनवर थेट बसवता येणारी फाइल) चालत नाही. गोडोत त्यासाठी ॲण्ड्रॉइड एसडीके (ॲण्ड्रॉइड ॲप बनवायची साधनं) आणि जेडीके १७ (जावाची साधनं) लागतं, आणि एक्स्पोर्टमध्ये ग्रेडल बिल्ड चालू करावं लागतं. ६४ बिटचा पर्याय निवडलेला हवा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲपचा टार्गेट एपीआय (ॲप ज्या ॲण्ड्रॉइड आवृत्तीसाठी बनवलं तिचा क्रमांक) किमान ३५ असावा लागतो.

रिलीज कीस्टोर (साइन करायची की ठेवणारी फाइल) बनवा, मुदत २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवा. फाइल आणि पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपा, प्रोजेक्टच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत कधीच ठेवू नका. प्ले ॲप सायनिंगमध्ये मुख्य की गूगलकडे असते आणि तुमच्याकडे अपलोड की. ती हरवली तर खात्याचा मालक नवीन की मागू शकतो, पण तोवर अपडेट थांबतं. अपलोड नाकारलं गेलं तर बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं: बिल्ड डीबग कीने (चाचणीपुरत्या कीने) साइन झालं आहे, किंवा व्हर्जन कोड (आवृत्तीचा अंक) आधीचाच आहे. दर अपलोडला तो एकाने वाढवा.

## स्टोअरचं पान आणि फॉर्म

नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४,०००. आयकॉन ५१२ बाय ५१२, फीचर ग्राफिक १०२४ बाय ५००, स्क्रीनशॉट फोनसाठी किमान दोन आणि जास्तीत जास्त आठ. पहिले तीन स्क्रीनशॉट खेळतानाचेच द्या, मेनूचे नकोत. आयकॉन लहान करून पाहा; त्यातली अक्षरं वाचता येत नसतील तर ती काढून टाका.

प्रायव्हसी पॉलिसीची चालू लिंक लागते. डेटा सेफ्टीच्या फॉर्ममध्ये 'मी काहीच गोळा करत नाही' असं लिहिण्याचा मोह होतो, पण जाहिरातीचं एसडीके (गेममध्ये जोडलेला जाहिरात कंपनीचा तयार कोड) ॲडव्हर्टायझिंग आयडी घेत असेल तर तो तुमच्या ॲपने घेतला असंच धरलं जातं. प्रत्येक एसडीकेच्या दस्तऐवजात ते काय गोळा करतं हे दिलेलं असतं, ते समोर ठेवून फॉर्म भरा. वयोगट भरतानाही नीट विचार करा: मुलांचा गट निवडला की जाहिराती आणि डेटा यांवर फॅमिली धोरणाची जास्त कडक बंधनं येतात.

## प्रकाशन आणि नंतर

टप्प्याटप्प्याने, म्हणजे ठरावीक टक्के लोकांनाच देण्याची सोय फक्त अपडेटला असते, पहिल्या रिलीजला नसते. म्हणून पहिल्यांदा एक-दोन देशांतच खुला करा आणि क्रॅश नाहीत हे पाहून बाकीचे देश जोडा. बिघडलेली आवृत्ती ज्यांच्या फोनवर गेली आहे त्यांना आधीची परत देता येत नाही. जुना कोड जास्त व्हर्जन कोड देऊन पुन्हा चढवावा लागतो.

प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर खात्याच्या पानावर) ॲण्ड्रॉइड व्हायटल्स रोज पाहा. वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्के आणि प्रतिसाद न देण्याचं, म्हणजे एएनआरचं, ०.४७ टक्के ओलांडलं की स्टोअरमध्ये गेम कमी दिसू लागतो. एएनआर बहुधा सुरुवातीला होतो, कारण सगळी चित्रं आणि जाहिरातीचं एसडीके मुख्य थ्रेडवर एकदम लोड होतात. आधी मेनू दाखवा, एसडीके त्यानंतर सुरू करा.

आयफोनसाठी मॅक, एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व लागतं. ते संपलं की गेम स्टोअरवरून उतरतो. टेस्टफ्लाइटचं (ॲपलच्या चाचणीच्या सोयीवरचं) बिल्ड ९० दिवस चालतं. गेममध्ये जाहिराती काढण्याची एकदाची खरेदी असेल तर 'खरेदी परत मिळवा' हे बटण ठेवा, ते नसलं तर ॲपलच्या रिव्ह्यूमध्ये गेम अडकतो. ॲण्ड्रॉइडवर गेम स्थिर झाल्यावरच इकडे वळा. तोपर्यंत वेग, टकरी आणि सेव्ह यांतल्या चुका निघालेल्या असतात आणि इथे फक्त सेफ एरिया, आवाज आणि खरेदी तपासायची राहते.