टिकणाऱ्या भागांवर खर्च करा: कमी बजेटच्या गेमिंग पीसीची तयारी

सुट्या भागांचे भाव बघायला बसण्याआधी मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) लिहून ठेवा, आणि खरोखर खेळणार असाल ते चार-पाच गेमही. १०८०पी मॉनिटरवर व्हॅलोरंटसारखे गेम १४४ हर्ट्झला खेळायचे असतील तर भार प्रोसेसरवर येतो. मोठे ओपन-वर्ल्ड गेम खेळायचे, तर ग्राफिक्स कार्डावर. हे ठरलं नसेल तर बजेट चुकीच्या जागी जातं.

मग पुढे काय काय बदलणार त्यावर खूण करा. कार्ड आणि एसएसडी पाच मिनिटांत बदलतात. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे सगळं उस्कटावं लागतं, आणि तेव्हा जीवावर येतं. म्हणून हात आखडता घ्यायचाच असेल तर कार्डात घ्या. बोर्ड आणि पॉवर सप्लायमध्ये नको.

सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, नीट बघा, अपग्रेडचा सगळा खेळ तिथे आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ सालचे कित्येक बी३५० बोर्ड बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवतात. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट मात्र बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांपुरतंच. एएम५ २०२२मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते आणि २०२७पर्यंत तरी ते चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. बजेट फारच आवळलेलं असेल तर एएम४ आणि डीडीआर४ अजूनही वाईट नाही, पण तिथून पुढे रस्ता नाही हे समजून घ्या. डीडीआर४ची रॅम डीडीआर५च्या बोर्डात बसत नाही, खाचच वेगळी असते.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरं वाचा. शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड नंतर घेऊ म्हणणाऱ्याला स्क्रीन काळीच दिसणार. रायझन ५ ७६००मध्ये सहा कोर आहेत, कामचलाऊ ग्राफिक्स आहे आणि डब्यात कूलरही येतो. ट्रे पॅक (डब्याविना नुसता प्रोसेसर) घेतला तर कूलरचा खर्च वेगळा धरा. बोर्ड निवडताना एम.२चे स्लॉट (एसएसडी लावायच्या जागा) मोजा, बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा (ते प्रोसेसरशिवायही बायोस अपडेट करतं, प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा निघाला तर तेच वाचवतं) आणि कंपनीच्या सपोर्ट यादीत तुमचा प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो तेही तपासा.

रॅम दोन काड्यांची जोडी घ्या, एकच मोठी काडी नको. शक्य असेल तर एकदम १६ जीबीच्या दोन, कारण डीडीआर५च्या चार काड्या लावल्या की वेग बहुधा खाली आणावा लागतो. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेला वेग देणारी सेटिंग) लावा, नाहीतर ६००० लिहिलेली रॅम बऱ्याचदा ४८००वरच रेंगाळते. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान) पुरे.

कार्डात थोडा हात आखडला तरी बजेटचा सर्वात मोठा वाटा त्यालाच द्या, पण फक्त नावावर जाऊ नका: आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी मेमरीतही आहे आणि १६ जीबीतही. नव्या गेममध्ये टेक्स्चरचा (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा) दर्जा वाढवला की ८ जीबी लवकर भरते. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा मिलिमीटरमध्ये जुळवा, कूलरची उंचीही. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. काच आणि रंगीत दिवे असतील तर असू देत, पण त्यापायी हवा अडता कामा नये.

पॉवर सप्लायवरचा '८० प्लस गोल्ड' फक्त कार्यक्षमता सांगतो, बाकीचा दर्जा नाही. बाजूचं लेबल वाचा: १२ व्होल्टच्या रांगेत ५४ अँपिअर लिहिले असतील तर ५४ गुणिले १२, म्हणजे ६४८ वॉट, ६५० वॉटच्या सप्लायला हे शोभतं. आकडा बराच कमी निघाला तर तो बाजूला ठेवा. पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर आताच ७५० वॉटचा घ्या. आणि सप्लाय मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) असेल तर उरलेल्या केबल एका पिशवीत घालून वर मॉडेलचं नाव लिहा. दुसऱ्या सप्लायची केबल खटकन बसते, पण सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, आणि त्यात एसएसडी किंवा हार्ड डिस्क जळू शकते.