पावसात समोरची काच आतून धुरकट व्हायची, ती अशी थांबली

पाऊस लागला आणि गाडीत चार माणसं बसली की पाच मिनिटांत समोरची काच आतून धुरकट. फडक्याने पुसली, तर पुन्हा तेच, वर समोरच्या दिव्यांत फराटे चमकायचे. एसी बंद करून नुसता हीटर लावला, तरी दमटपणा आतच. रात्री अक्षरशः जीव मुठीत धरून गाडी चालवायचो.

दोष एका बटणात होता. आतलीच हवा फिरवणारं, गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं बटण कायम चालू होतं. त्याचा बारीकसा दिवा दिवसा दिसायचाच नाही. श्वासातली वाफ जाणार कुठे?

आधी ते बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येते. मग झोत समोरच्या काचेकडे. एसी चालू ठेवायचाच, हवेतलं पाणी तोच काढतो. तापमान गरमकडे, पंखा जोरात. काच स्वच्छ झाली की पंखा कमी करा, बटण मात्र बंदच राहू द्या. हे सगळं गाडी हलण्याआधी.

वायपरने पुसलं जात असेल तर धुकं बाहेरून आहे. तेव्हा काचेवरचा गार झोत बंद करून तापमान वाढवा.