नवख्या फोर बाय फोर चालकाने पहिला ट्रॅक कसा शोधावा

"सोपा ट्रॅक कुठला?" असं विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं, "गाडीत दम आहे ना, मग घाल कुठेही." असा सल्ला देणाऱ्याला गाडी बाहेर ओढायच्या वेळी जरूर बोलवा. माझ्या लेखी नवख्याचा ट्रॅक ठरवायची कसोटी एकच. कुठल्याही टप्प्यावर बेत बदलला, तर स्वतःच्या गाडीने, आल्या वाटेने परतता आलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

लो रेंज (गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारे गिअर) कशी लावायची आणि गाडीचे रिकव्हरी हुक (अडकलेली गाडी ओढायचे हुक) कुठे आहेत, हे पुस्तिकेत वाचलेलं आहे असं धरून पुढे लिहितो.

यादी

घरबसल्या चार-पाच वाटा निवडा. जमीन कोणाची आहे ते विचारा. परवानगी नसेल तर ती वाट तिथेच खोडा.

बऱ्याच ठिकाणी ट्रॅकवर हिरवं वर्तुळ (सोपा), निळा चौकोन (मध्यम), काळा हिरा (अवघड) अशा खुणा असतात. हिरव्यानेच सुरुवात करा, पण ती खूण कोरड्या जमिनीचा विचार करून दिलेली असते हे विसरू नका. पावसानंतर चिकणमातीचा हिरवा ट्रॅक कोरड्या काळ्यापेक्षा जास्त छळतो. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावर कच्च्या वाटांना १ (सगळ्यांत घट्ट) ते ५ अशी प्रत दिलेली असते. ती जमीन किती घट्ट आहे ते सांगते, चढ किती आहे ते सांगत नाही. तिथे 'प्रत २' पाहून लोक खुशाल निघतात आणि समोर उभी टेकडी येते.

व्हिडिओ पाहून तर ट्रॅक ठरवूच नका. रुंद भिंगाचा कॅमेरा कुठलाही चढ चपटा करून दाखवतो.

नकाशा

१:५०,०००च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. समजा, लगतच्या दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) २० मीटर उंचीचा फरक आहे आणि तुमची वाट त्या २ मिलिमीटरच्या अंतराने ओलांडते. म्हणजे १०० मीटरमागे २० मीटर चढ, सुमारे ११ अंश. पहिल्या खेपेला एवढा पुरे. रेषा १ मिलिमीटरवर आल्या की तोच चढ २२ अंशांच्या घरात जातो. कागदावर फरक एका मिलिमीटरचा. सीटवर बसल्यावर मात्र बॉनेटच्या पुढे रस्ता दिसेनासा होतो, नुसतं आभाळ.

अ‍ॅपमधला चढउताराचा आलेख गुळगुळीत दिसतो म्हणून भुलू नका. असे कित्येक आलेख २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवर उभे आहेत. त्यात फार तर ३० मीटरच्या चौकटीला एक उंची मिळते. मधली मीटरभर उंचीची पायरी किंवा पाण्याने कापलेला चर त्यात कुठून दिसणार?

उपग्रहाच्या चित्रावर दोनच गोष्टी शोधा: गाडी वळवता येईल अशा रुंद जागा आणि ओढे. चित्र बहुतेक कोरड्या ऋतूतलं असतं, तेव्हा ओढ्याचा पांढरा पट्टा दिसला की तिथे पाणी आहे असंच समजा. पाण्याची वाट पहिल्या यादीत नको. "गुडघाभरच आहे" वगैरे चर्चाही नको.

पायी पाहणी

खरी निवड इथे होते आणि नेमकी हीच पायरी लोक टाळतात. मलाही ही शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. चालताना आपण पायांच्या सोयीने बघतो, खड्डा आला की नकळत बाजूने जातो. गाडीला चार चाकं आहेत आणि मधे पोट आहे. म्हणून जाताना एका चाकाच्या चाकोरीतून चाला, येताना दुसऱ्या. कंटाळा येतो, पण चाला.

चाकोरी खोल दिसली की खाली बसा आणि वितीने मोजा. वीत साधारण २० ते २३ सेंटिमीटर भरते आणि बऱ्याच गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, त्याच्याच आसपास असतो. अंगठा चाकोरीच्या तळाला टेकवून हात उभा ताणा. मधला उंचवटा करंगळीच्या वर राहिला, तर गाडी पोटावर बसेल. एकदा बसली की चारही चाकं फिरवून उपयोग नाही, फावडंच काढावं लागतं.

दुसरी गोष्ट तिरके खड्डे. डावीकडे पुढे एक आणि उजवीकडे मागे एक, असे खड्डे आले की समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं अधांतरी होतात. साध्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीत) दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो आणि तो ठरतो कमी पकड असलेल्या चाकावरून. अधांतरी चाक गरगर फिरतं, जमिनीवरचं ढिम्म. फोर-व्हील ड्राइव्ह असूनही गाडी जागची हलत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) किंवा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) असेल तर निभावतं, पण पहिल्या दिवशी त्याच्या भरवशावर राहू नका.

वाट एका बाजूला कलली असेल तर फोन जमिनीवर आडवा ठेवून कल मोजा. दहा अंशांच्या वर मी नवख्याला नेत नाही, मग ट्रॅक कितीही देखणा असो. ओलसर जागी टाच दाबून बघा. सहज रुतली तर माघारी फिरा.

आणि दिशा बघा. हे कोणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो: जाताना चढ आणि येताना उतार असेल असाच ट्रॅक घ्या. खाली उतरताना गुरुत्वाकर्षण मदतीला असतं, त्यामुळे आपल्या कुवतीबाहेरच्या उतारावरूनही गाडी आरामात दरीत पोचते. मग परत येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो आणि दुसरी वाट नसते. उलट चढताना जमलं नाही, तर ब्रेक दाबून थांबा, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाका आणि इंजिनाच्या ब्रेकवर, म्हणजे गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच गाडी रोखू देत, सरळ मागे उतरा. क्लच दाबून घरंगळायचं नाही, आणि चढावर गाडी आडवी वळवायची तर मुळीच नाही. गाड्या तिथेच उलटतात.

निघायचा दिवस

पाऊस होऊन जमीन वाळलेली असावी. सकाळी निघा, दुसरी गाडी सोबत ठेवा आणि चढावर ती खालीच थांबवा. टायरची हवा थोडी कमी करणार असाल तर पंप बरोबर हवा. ओढायची वेळ आलीच तर दोरी रिकव्हरी हुकालाच लावा. ट्रेलर जोडायच्या टो-बॉलला (गाडीमागच्या लोखंडी गोळ्याला) कधीही नाही. तो तुटला की गोळीसारखा येतो आणि त्याने माणसं मेली आहेत.

पहिल्या तीन-चार खेपा याच ट्रॅकवर करा. वळायच्या जागा पाठ झाल्या आणि चढ कुठल्या गिअरमध्ये निघतो ते कळलं, की यादीतला दुसरा ट्रॅक काढा आणि तोही आधी पायी चालून या.