गव्हाण रिकामी ठेवा

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारी येशूजन्माचा गोठा मांडायला घ्या, पण बाळ येशूची मूर्ती कपाटातच राहू द्या. वसईत आमच्याकडे भाताचा पेंढा सहज मिळतो. तो हाताने चुरून मऊ करा, टोकं टोचतात. रोज रात्री प्रार्थनेनंतर प्रत्येकाने गव्हाणीत एक काडी ठेवायची, त्या दिवशी दुसऱ्यासाठी केलेल्या कामाची. माझ्या नातवाने एकदा, भांडलेल्या मित्राच्या घरी जाऊन आल्यावरच काडी उचलली. येशूच्या जन्मावेळी उतारशाळेत जागा नव्हती म्हणून देव जनावरांच्या गव्हाणीत निजला. आपल्या घरात त्याला जागा करायची ती अशी. २४ डिसेंबरला चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून बाळ ठेवा. बाळाच्या दर्शनाला निघालेले तीन राजे मात्र लांब खिडकीत उभे करा, रोज थोडे पुढे सरकवा. ६ जानेवारीला ते गोठ्याशी पोहोचू देत.