ऑनलाइन ट्रेनिंगसाठी लर्निंग ऑब्जेक्टिव्ह लिहिताय? मग या चुका टाळा

कोणताही ऑफिसचा ऑनलाइन कोर्स उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर "या कोर्सनंतर तुम्हाला अमुक समजेल, तमुकची जाणीव होईल" असं काहीतरी असतंच, आणि लोक ते न वाचता नेक्स्ट दाबतात. दोष त्यांचा नाही, त्या वाक्यात त्यांच्या कामाचं काही नसतंच. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कोर्सनंतर शिकणाऱ्याला काय करता यायला हवं ते सांगणारं वाक्य, ढिसाळ असला की पुढची स्लाइड, व्हिडिओ, क्विझ सगळंच ढिसाळ होतं, आणि ते आपल्याला कळतं कधी, तर कोर्स लाइव्ह गेल्यावर.

एक अनुभव सांगते. एका कंपनीसाठी फिशिंगवरचा, म्हणजे फसवणुकीच्या खोट्या मेलवरचा, कोर्स केला होता आणि ऑब्जेक्टिव्ह होता "कर्मचाऱ्यांना ईमेल सुरक्षेचं महत्त्व समजेल". क्विझमध्ये फिशिंग म्हणजे काय, खालीलपैकी कोणतं विधान बरोबर, असे प्रश्न. जवळजवळ सगळे पहिल्याच प्रयत्नात पास. नंतर आयटीने चाचणीसाठी एक खोटा मेल पाठवला तर बऱ्याच जणांनी लिंक उघडली, ते एक वेळ ठीक, पण ज्यांनी मेल बरोबर ओळखला त्यांनीही तो नुसता डिलीट केला, कोणाला कळवलंच नाही! मी परत ऑब्जेक्टिव्ह वाचला तर त्यात "कळवा" हा शब्द कुठेच नव्हता. आम्ही मागितलंच नव्हतं ते.

मग तो असा लिहिला: "इनबॉक्समधला संशयास्पद मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून आणि लिंकवरून ओळखून, लिंक न उघडता, रिपोर्ट बटणाने आयटीला कळवता येईल." एवढं बदललं आणि क्विझ आपोआप बदलली. आता स्क्रीनवर खरा वाटणारा इनबॉक्स, त्यात काही चांगले मेल काही वाईट, लिंकवर कर्सर नेला की खरा पत्ता दिसतो, आणि प्रत्येक मेलचं काय करायचं ते करून दाखवायचं. व्याख्येची स्लाइड काढून टाकली, कोणाचं काही अडलं नाही.

समजेल, माहिती होईल, जाणीव होईल

ही सगळ्यात कॉमन चूक. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, दिसते ती कृती. मराठीत तर यात एक गंमतशीर फरक आहे बघा, "पॉलिसीची ओळख होईल" आणि "चुकीचं बिल ओळखता येईल" दोन्हीत शब्द तोच, पण पहिल्यात शिकणारा नुसता बसलेला आहे आणि दुसऱ्यात तो काहीतरी करतोय, तपासता येतं. "होईल", "मिळेल" ने वाक्य संपत असेल तर थांबा आणि "करता येईल" ने संपवून बघा, काय करता येईल हे लिहावंच लागतं.

ट्रेनिंग क्षेत्रातले अमेरिकन तज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच ऑब्जेक्टिव्हचे तीन भाग सांगितले होते: माणूस काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल, आणि किती चांगलं केलं तर चालेल. यातला मधला भाग लोक सर्रास विसरतात. कामावर माणसाच्या दुसऱ्या टॅबमध्ये चेकलिस्ट उघडी असणार असेल तर पायऱ्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही, "चेकलिस्ट वापरून" असं लिहा आणि क्विझमध्येही चेकलिस्ट हाताशी द्या. उलट आग लागल्यावर पीडीएफ शोधायला वेळ नसतो, तिथे "न बघता" हेच लिहायला हवं.

"या मॉड्यूलमध्ये रिफंड पॉलिसी समजावून दिली जाईल" हा ऑब्जेक्टिव्ह नाही, अनुक्रमणिका आहे. यात शिकवणारा काय करणार ते आहे, शिकणारा नाही.

क्रियापदांच्या यादीतून उचललेले भारी शब्द

ब्लूमची टॅक्सॉनॉमी, म्हणजे शिकण्याच्या पातळ्यांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मांडणी, १९५६ ची, २००१ मध्ये ती सुधारली गेली आणि आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती अशा सहा पायऱ्या झाल्या. चांगली चौकट आहे, मी पण वापरते, पण लोक यादीतून वरचं क्रियापद उचलतात कारण ते वजनदार दिसतं. रजेचा फॉर्म भरायला शिकवणाऱ्या कोर्समध्ये "रजा प्रक्रियेचं विश्लेषण करता येईल" कशाला? फॉर्म न चुकता भरता आला की झालं. आधी काम बघा, मग पायरी ठरवा.

एका वाक्यात दोन कामं घालू नका. "तक्रार नोंदवता आणि ग्राहकाला शांत करता येईल" यात नोंदवणं जमलं आणि शांत करणं नाही जमलं, तर पास की नापास? तोडा. आणि पंधरा मिनिटांच्या मॉड्यूलला नऊ ऑब्जेक्टिव्ह नको, माझ्या मते तीन-चार खूप झाले.

कोर्स चालू आहे पण काम सुधारत नाही

सगळे पास होतायत आणि कामात त्याच चुका, तर ऑब्जेक्टिव्ह आणि क्विझचे प्रश्न शेजारी ठेवा. ऑब्जेक्टिव्ह "करता येईल" म्हणतोय आणि प्रश्न "म्हणजे काय" विचारतोय, बहुतेक वेळा घोळ इथेच सापडतो. एलएमएसवर (कोर्स चालवणाऱ्या सिस्टमवर) कम्प्लिटेड दिसतंय म्हणजे स्लाइड संपल्या, एवढंच.

ऑब्जेक्टिव्ह धूसर आहे का याची शंका असेल तर दोन सहकाऱ्यांना तो द्या आणि एकमेकांना न विचारता त्यावर एकेक प्रश्न लिहायला सांगा, प्रश्न अगदी वेगळे आले तर वाक्य परत लिहा.

आणि हे पण बघा की अडचण ट्रेनिंगची आहे का. लोकांना काम येतंय पण सिस्टममध्ये परवानगीच नाही, किंवा फॉर्मच गोंधळाचा आहे, तर कितीही नेमका ऑब्जेक्टिव्ह लिहिला तरी ते सुटणार नाही, हे कोर्स मागणाऱ्याला स्पष्ट सांगा.

मी आता ऑब्जेक्टिव्ह लिहिला की लगेच त्याचा क्विझ प्रश्न लिहिते, स्लाइडला हात नंतर. विषयतज्ज्ञ "हे पण टाका ना" म्हणाले की विचारते, यातल्या कोणत्या ऑब्जेक्टिव्हसाठी? उत्तर नसेल तर ती माहिती सोबतच्या पीडीएफमध्ये जाते, कोर्समध्ये नाही.