बीआय आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स : फरक मला कधी कळला

बीएस्सी स्टॅट झाल्यावर पुण्यात पहिली नोकरी लागली ती एका फरसाण-मिठाईच्या कंपनीत. पोस्टचं नाव डेटा अ‍ॅनालिस्ट, आणि पहिलं वर्षभर मी केलं काय, तर पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमधे डॅशबोर्ड, म्हणजे आकडे नि चार्ट एकत्र दाखवणारी स्क्रीन. सकाळी आल्या आल्या रिफ्रेश झालंय का (नवे आकडे आलेत का) बघायचं, नसेल झालं तर कुठे अडकलं ते शोधायचं, दहाच्या मीटिंगआधी आकडे समोर पाहिजेत. मला वाटायचं हेच अ‍ॅनालिटिक्स. आता नवीन मुलं-मुली विचारतात ना की दादा बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) आणि अ‍ॅनालिटिक्स या दोन्हीत फरक काय, तेव्हा मी व्याख्या सांगत नाही, 2023 च्या ऑक्टोबरात काय झालं ते सांगतो.

20 ऑक्टोबरच्या आसपासची मीटिंग. स्क्रीनवर महिन्याची विक्री, बाजूला मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना, आणि जवळपास सगळे जिल्हे लाल, म्हणजे विक्री मागच्या वर्षीपेक्षा कमी. सेल्सवाले हादरले, एकजण तर म्हणाला डीलरना लगेच जादा स्कीम देऊ. मी रात्री बसून तीनदा आकडे तपासले, एक रुपयाची चूक नव्हती. डॅशबोर्ड बरोबरच होता.

मग आमच्या सीनियर मॅडमनी एकच विचारलं, मागच्या वर्षी लक्ष्मीपूजन कधी होतं रे? 2022 ला 24 ऑक्टोबर. आणि 2023 ला अधिक श्रावण आला होता त्यामुळे सगळे सण पुढे गेले, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. म्हणजे तारखेने 19 दिवसांचा फरक! मागच्या वर्षी 20 ऑक्टोबरला दिवाळीचा माल दुकानात पोचून विकला पण जात होता, यावर्षी त्याच तारखेला डीलरनी उचलायला नुकती सुरुवात केलेली. मग मी तारीख सोडून 'लक्ष्मीपूजनाला किती दिवस राहिले' हा कॉलम केला आणि त्याच्यावर दोन्ही वर्षं एकावर एक ठेवली. बहुतेक जिल्हे व्यवस्थित होते. पण दोन रूट तरीही खाली दिसत होते, तिथले डीलर आणि पॅकनिहाय बिलं उघडली तर चिवड्याचा अर्धा किलोचा पॅक डेपोतच नव्हता, ऑर्डर पडून होत्या. खरी अडचण ती होती, सगळ्या लालमधे ती लपून गेलेली. स्कीम थांबली आणि माल गेला.

तर फरक हा. काय झालं, किती झालं, कुठे झालं हे रोज, सगळ्यांना एकाच मापाने दाखवायचं ते बीआय. असं का झालं, पुढे काय होईल, काय केलं तर बदलेल, असा एक प्रश्न हातात घेऊन त्याच्या मागे जायचं ते अ‍ॅनालिटिक्स.

पण म्हणून बीआय म्हणजे नुसते चार्ट असं प्लीज समजू नका, मला त्याचा राग येतो. आमच्याकडे 'विक्री' म्हणजे काय यावरच दोन महिने गेले. अकाउंट्सवाले बिल झालं की विक्री धरायचे, सेल्सवाले ऑर्डर आली की, डिस्पॅचवाले गाडी गोडाऊनमधून निघाली की, आणि परत आलेला माल कोणत्या महिन्यात वजा करायचा ते कुणीच ठरवलं नव्हतं. हे सगळ्यांना बसवून ठरवणं, मग टेबलं नीट लावणं, हे बीआयचं अर्ध्याहून जास्त काम आहे. ते झालं नसतं तर माझा तो कॉलम काही कामाचा नव्हता.

आता शिकायचं काय. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) दोन्हीकडे लागतंच, ते आधी, आणि त्यातलं जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन हात न अडखळता येईपर्यंत करा. एक्सेलला कमी लेखू नका. त्यापुढे बीआयला जायचं असेल तर पॉवर बीआय, डॅक्स (त्यातली सूत्रं लिहायची भाषा), डेटा मॉडेलिंग (टेबलं एकमेकांना नीट जोडणं), आणि पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं (विंडोजवरच चालतं एवढं लक्षात ठेवा). अ‍ॅनालिटिक्सला जायचं असेल तर पायथन किंवा आर यापैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि स्टॅटिस्टिक्स मनापासून, नुसते कोर्सचे सर्टिफिकेट जमवून भागत नाही. पोस्टच्या नावावर जाऊ नका, दोन्हीकडे डेटा अ‍ॅनालिस्टच लिहितात. जाहिरातीत रिपोर्टिंग, रिफ्रेश, वेअरहाऊस (मालाचं गोडाऊन नाही, डेटा साठवायची जागा) हे शब्द जास्त असतील तर काम बीआयचं, फोरकास्टिंग (पुढचा अंदाज), ए-बी टेस्टिंग (दोन पर्याय करून बघून तुलना) असेल तर अ‍ॅनालिटिक्सचं. इंटरव्ह्यूत सरळ विचारा की मागच्या महिन्यात या टीमने कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधलं, त्यांनी डॅशबोर्डचीच नावं सांगितली तर समजून जा.

तो 'किती दिवस राहिले'वाला कॉलम नंतर आम्ही डॅशबोर्डच्या कॅलेंडर टेबलमधे कायमचा टाकला, सकाळच्या मीटिंगमधे आता तोच चार्ट आधी उघडतात. तुम्ही अशा कंपनीत लागलात तर हे आधी तपासा, कारण 2025 चं लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात आणि 2026 ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला, म्हणजे ऑक्टोबरचा चार्ट परत लाल होणार.