घातावर घात: ई^(ई^क्ष) चं डेरिव्हेटिव्ह कसं काढायचं

नौपाड्यातल्या नाहीतर वाशीतल्या बारावीच्या क्लासमध्ये कुणालाही विचारा, चेन रूल, म्हणजे एकात एक बसलेल्या फलनांचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढायचा नियम, तोंडपाठ असतो: ‘आधी बाहेरचं, मग आतलं.’ ई^(३क्ष) सारखी गणितं त्यावर सुटतातही. पण घाताच्या डोक्यावर आणखी एक घात बसला, की बाहेरचं नेमकं कोणतं इथेच गाडी अडते.

(घात इथे ^ या खुणेने दाखवलाय. ई म्हणजे २.७१८२८… ही संख्या आणि लॉग म्हणजे ई या आधाराचा लॉग.)

आधी कंस घाला. २^३^२ म्हणजे किती? गणिताच्या रिवाजाप्रमाणे मनोरा वरून खाली वाचायचा: ३^२ म्हणजे ९ आणि २^९ म्हणजे ५१२. एक्सेलमध्ये तेच टाकलंत तर ते डावीकडून सुरुवात करतं आणि ६४ देतं. तेव्हा कंसाचा आळस नको. ई^(क्ष^२) आणि (ई^क्ष)^२ ही दोन वेगळी फलनं आहेत. दुसरं तर सरळ ई^(२क्ष) आहे.

मग थर ओळखा. क्ष ची किंमत हातात असती, तर कॅल्क्युलेटरची बटणं कोणत्या क्रमाने दाबली असतीत? ई^(ई^क्ष) साठी आधी ई^क्ष काढाल, मग आलेलं उत्तर पुन्हा ई च्या घातात चढवाल. जे बटण शेवटी दाबलं, तो सगळ्यात बाहेरचा थर. डेरिव्हेटिव्हची सुरुवात तिथून.

आतल्या भागाला नाव द्या. य = ई^क्ष माना. आता फलन उरलं ई^य. य च्या सापेक्ष त्याचं डेरिव्हेटिव्ह ई^य, म्हणजे जसंच्या तसं. य चं क्ष सापेक्ष डेरिव्हेटिव्ह ई^क्ष. दोन्हींचा गुणाकार करा:

ई^(ई^क्ष) × ई^क्ष

आधार सारखाच असल्याने हेच ई^(क्ष + ई^क्ष) असंही लिहिता येतं.

गुणाकारच का, बेरीज का नाही, हा प्रश्न मुलं फारशी विचारत नाहीत, विचारायला हवा. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा टँकरचा हिशोब घ्या. समजा एका घराला रोज ५०० लिटर पाणी लागतं, टँकर १०,००० लिटरचा आणि त्याचे २,००० रुपये. एक घर वाढलं की टँकर वाढतो विसावा हिस्सा, आणि दर टँकरमागे २,००० रुपये. म्हणून एका घरामागे रोजचा खर्च १०० रुपये. दर एकमेकांत गुणले गेले. चेन रूल हेच करतो, फरक इतकाच की तिथे दर प्रत्येक क्ष ला बदलत राहतो.

तीन थर असले तरी रीत तीच. ई^(ई^(ई^क्ष)) चं डेरिव्हेटिव्ह: ई^(ई^(ई^क्ष)) × ई^(ई^क्ष) × ई^क्ष. आधार ई नसेल तर प्रत्येक थर आपल्या आधाराचा लॉग सोबत आणतो. २^(३^क्ष) चं उत्तर २^(३^क्ष) × लॉग २ × ३^क्ष × लॉग ३. यातला लॉग ३ हमखास विसरला जातो.

उत्तर तपासा, पण शून्यावर थांबू नका. एक नेहमीची चूक म्हणजे क्ष^न चा नियम इथे लावून घात खाली आणणं: ई^क्ष × ई^(ई^क्ष − १). क्ष = ० ला याची किंमत १ येते. प्रत्यक्षात फलन ० ला २.७१८२८ आणि ०.००१ ला २.७२१०० आहे; फरकाला ०.००१ ने भागलं की साधारण २.७२. चूक पकडली गेली. पण आतलं डेरिव्हेटिव्ह विसरून नुसतं ई^(ई^क्ष) लिहिलं असेल, तर तेही शून्याला २.७१८ च देतं, कारण ई^० म्हणजे १ आणि १ ने गुणलं काय, न गुणलं काय! म्हणून क्ष = १ घ्या. फलन १ ला १५.१५४, १.००१ ला १५.१९५५, उतार ४१ च्या आसपास. आपलं सूत्र १५.१५४ × २.७१८ म्हणजे ४१.१९ देतं, विसरभोळं उत्तर १५.१५ वरच अडकतं. सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे ही सवय घरी सराव करतानाच लावून घ्या.

असली फलनं फक्त पेपर काढणाऱ्यांची हौस नाहीत. विम्याचं गणित करणारे लंडनचे बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये मांडलं, की वयाबरोबर मृत्यूचा दर घातांकी वाढत जातो. त्यातून त्यांच्या नावाचा वक्र आला: अ × ई^(−ब × ई^(−कट)), ट म्हणजे काळ, कट म्हणजे क × ट, आणि अ, ब, क या न बदलणाऱ्या संख्या. ट्यूमरची वाढ मांडायलाही तो वापरतात. अ, ब, क धन आहेत असं धरून वरच्याच पायऱ्यांनी जा. बाहेरचा थर जसाच्या तसा राहतो. आतल्या −ब × ई^(−कट) चं डेरिव्हेटिव्ह काढताना घातातला −क खाली येतो आणि दोन उणे मिळून अधिक होतात:

अ × ब × क × ई^(−कट) × ई^(−ब × ई^(−कट))

सगळे गुणक धन, म्हणजे वक्र कायम चढता. तुमच्या उत्तरात उणे राहिलं असेल, तर दुसरा उणे आतल्या थरात सुटलाय.

क्ष^क्ष मात्र या रांगेत बसत नाही. तिथे आधारही बदलतो आणि घातही. ते आधी ई^(क्ष × लॉग क्ष) असं लिहून घ्या, मग चेन रूल लावा. उत्तर क्ष^क्ष × (१ + लॉग क्ष).